परमुलुखातला संसार : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पाल्पामधील आमच्या वास्तव्याविषयी मी एक छोटे टिपण लिहिले होते. मी आणि माझे पती २००४ साली इंदूरहून पश्चिम नेपाळमधील पाल्पा जिल्ह्याच्या तानसेन गावी मिशनच्या सेवेसाठी गेलो आणि २०१५ च्या अखेरीस परतलो. ते तेथील रुग्णालयाची यंत्रे सांभाळत आणि मी शाळेत शिकवीत असे. त्या टिपणानंतर जी पत्रे आली त्यांपैकी पाच पत्रांत विचारणा एकाच गोष्टीची आहे, की परदेशी सेवेला गेलेले जोडपे प्रत्यक्षात जगते कसे. म्हणून या वेळचे सदर त्या पत्रांसाठी ठेवले आहे.

प्रश्न : माझी मुलगी परिचारिका आहे आणि जावई प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहेत. पुढच्या वर्षी ती दोघे मिशनतर्फे नेपाळच्या डोंगरी भागात जाणार आहेत. नातेवाईक विचारतात, ‘तिथे ही दोघे दिवसभर करणार तरी काय?’ मला उत्तर देता येत नाही. त्यांचा दिवस कसा असेल, हे सांगाल का? (एक आई, वडोदरा)

उत्तर : ताई, मिशनरी म्हटला की बायबल हाती घेऊन गावोगाव उपदेश करीत हिंडणारा माणूस, असे चित्र तुमच्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे असावे. आमचा दिवस मात्र पाण्याने सुरू होत असे. तानसेन हे सुमारे १,३५० मीटर उंचीवर डोंगराच्या उतारावर वसलेले गाव असून तेथील पाण्याची टंचाई जुनी आहे. नळाला पाणी केव्हा येईल याचा भरवसा नसे, म्हणून रात्री तोटी उघडी ठेवून तिच्याखाली बादली लावून झोपायचे आणि धारेचा आवाज आला की उठून मिळेल ते भांडे भरून ठेवायचे, अशी घराची रीत होऊन बसली. पाणी आलेच नाही तर घागर घेऊन धाऱ्यावर जावे लागे. डोंगरातले पाणी जेथे दगडी मुखातून पडते त्या जागेला नेपाळीत ‘धारा’ म्हणतात. पहिल्या वर्षी त्या रांगेत उभे राहताना मला फार वाईट वाटे, कारण ज्या कामासाठी आपण घर सोडले ते बाजूला राहून सकाळचा तास घागरीपायी जातो, असे वाटत असे. पुढे लक्षात आले, की शाळेत पालक म्हणून आल्यावर ज्या बायका माझ्याशी दोन शब्द बोलत नसत, त्याच बायका त्या रांगेत मोकळेपणाने बोलत. कोणाचा मुलगा कतारला गेला, कोणाच्या सुनेला दिवस गेले आहेत आणि ती तपासणीला यायला लाजते आहे, कोणाच्या सासऱ्याला खोकल्यातून रक्त पडते, हे मला धाऱ्यावर कळले. रुग्णालयात ते कळायला कदाचित महिने लागले असते. माझी नेपाळी भाषाही तेथेच तयार झाली.

भाषेची चिंता तुमच्या मुलीने फार करू नये. लिपी आपलीच देवनागरी आहे, आणि हिंदीपेक्षा मराठीला जवळचे असे कितीतरी शब्द कानावर पडतात. शिजवलेल्या तांदळाला ते ‘भात’ म्हणतात, कपड्यांना ‘लुगा’ म्हणतात, जमिनीला ‘भुइँ’, पाहुण्याला ‘पाहुना’ आणि काकांना ‘काका’च म्हणतात. परंतु शब्द ओळखीचे निघतात म्हणून बोलण्याची घाई करू नये, कारण नेपाळीत आदराच्या पायऱ्या पुष्कळ आहेत. ‘तँ’, ‘तिमी’, ‘तपाईं’ यांतले काय कोणाला म्हणायचे, हे चुकले तर समोरचा माणूस काही न बोलता दूर होतो. पहिल्या महिन्यात सर्वांना ‘तपाईं’ म्हणावे, त्यात चुकण्याची भीती नाही.

जेवणाच्या वेळा बदलतील. पहाटे चहा, नऊ-दहाच्या सुमारास पोटभर डाळभात, दुपारी थोडा खाऊ, ज्याला ते ‘खाजा’ म्हणतात, आणि रात्री पुन्हा डाळभात, असा तेथील क्रम आहे. नाश्त्याला उसळ-पोहे खाण्याची सवय असलेल्या आम्हा इंदूरकरांना पहिले काही आठवडे सकाळी नऊला भात घशाखाली उतरत नसे. पोहे तेथेही मिळतात, ‘चिउरा’ म्हणून, पण ते कोरडेच भाजीबरोबर किंवा मांसाबरोबर खाल्ले जातात. मी ते भिजवून कांदा-हळद घालून परतले, तेव्हा शेजारच्या दिदींनी ‘चिउरा बिघडला’ म्हणून हळहळ व्यक्त केली आणि पुढच्या वर्षी त्याच माझ्याकडून ते करायला शिकल्या. त्यांनी मला गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी, करायला शिकवले. आज इंदुरात हिवाळ्यात मी मोहरीच्या पाल्याची गुंद्रुक घालते.

तुमच्या जावईबापूंच्या कामाविषयी माझ्या पतींच्या अनुभवावरून सांगते. तेथे तंत्रज्ञ माणसाला आपल्या कामापुरते राहता येत नाही. २००८-०९ च्या हिवाळ्यात नेपाळमध्ये दिवसाकाठी सोळा तासांपर्यंत वीज जात असे. वीज कधी येणार याचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असे, आणि त्यानुसार क्ष-किरण यंत्र केव्हा चालवायचे, शस्त्रक्रियेची उपकरणे केव्हा निर्जंतुक करायची, जनित्राचे डिझेल कशासाठी राखून ठेवायचे, हे रोज नव्याने ठरवावे लागे. पावसाळ्यात दरड कोसळली, तेथे तिला ‘पहिरो’ म्हणतात, की बुटवलहून येणारा रस्ता बंद पडे आणि सुटा भाग येईपर्यंत आहे त्यावरच भागवावे लागे. हे जनित्राजवळ रात्र काढीत आणि मी डब्यात भात नेत असे. जावईबापूंना प्रयोगशाळेबाहेरही चार कामे शिकून घ्यायला सांगा.

मुलीविषयी मात्र मला अधिक आग्रहाने सांगायचे आहे. आम्हाला पाठवणाऱ्या समितीच्या कागदांत माझ्या पतींच्या नावापुढे त्यांचे काम लिहिलेले होते आणि माझ्या नावापुढे केवळ ‘पत्नी’ असे लिहिलेले होते. मी बी.एड. झालेली, इंदुरात नऊ वर्षे शिकवलेली बाई होते. पहिले आठ महिने मला काम नव्हते, आणि ते आठ महिने आमच्या संसारातले सर्वांत कठीण होते, कारण संध्याकाळी ते दमून येत आणि मी दिवसभर कोणाशी न बोलल्यामुळे भरलेली असे. भांडण व्हायला कारण लागत नसे. तुमच्या मुलीचे काम, तिचे पद, तिची रजा आणि नेपाळ नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचे काय होणार, हे निघण्याआधी तिने स्वतः लेखी विचारून घ्यावे. ‘तिथे गेल्यावर पाहू’ हे उत्तर तिने मान्य करू नये.

शेवटची एक गोष्ट सांगते. नेपाळमध्ये साप्ताहिक सुटी शनिवारी असते, आणि रविवारी शाळा व कचेऱ्या उघड्या असतात. त्यामुळे तेथील मंडळ्यांची, म्हणजे चर्चच्या लोकांची, उपासनाही शनिवारीच होते. रविवारी सकाळी, इंदुरात उपासनेला बसण्याच्या वेळी, मी फळ्यावर गणित मांडत असे, आणि त्याची सवय व्हायला मला फार वर्षे लागली. तुम्ही फोन करायचा तो शनिवारी दुपारी करा, आणि तेथील घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते, हे लक्षात ठेवा.

प्रश्न : इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजसमोरून मी रोज जातो. कॅनडाहून येथे आलेली मिशनरी जोडपी तेव्हा कशी राहत असतील? त्यांचा आणि तुमचा अनुभव सारखा होता का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, इंदूर)

उत्तर : काही बाबतींत सारखा होता, पुष्कळ बाबतींत नव्हता. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे जे. एम. डग्लस १८७७ साली इंदूरला आले. त्यांच्यामागून आलेल्या जॉन विल्की यांच्या हातून १८८७ मध्ये तुम्ही म्हणता ते कॉलेज उभे राहिले. त्या पिढीतील जोडपी बंगल्यात राहत, त्यांच्याकडे खानसामा, भिश्ती, माळी असत, आणि रेसिडेन्सीचा, म्हणजे इंग्रज सरकारच्या इंदुरातील प्रतिनिधीच्या कचेरीचा, आधार त्यांच्या पाठीशी असे. आम्हाला घागर स्वतः भरावी लागे, आणि ते मला भाग्याचे वाटते, कारण भिश्ती असता तर धाऱ्यावरच्या बायका मला भेटल्या नसत्या. परंतु त्यांच्या दुःखाला मी कमी लेखणार नाही. घरचे पत्र यायला आठवडेच्या आठवडे लागत, मुले शाळेच्या वयाची झाली की त्यांना दूर हिमालयातील शाळेत किंवा थेट मायदेशी पाठवावे लागे, आणि मग आईवडील व मुले एकमेकांना वर्षानुवर्षे पाहत नसत. माळव्यात ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात, त्या १८९९-१९०० च्या काळात याच घरांनी अनाथ मुले सांभाळली. त्या मुलांचे जेवण, कपडे आणि आजारपण यांचा भार मिशनरींच्या पत्नींवर किती पडला असेल, याचा अंदाज कोणत्याही गृहिणीला करता येईल, तरी वार्षिक अहवालात नाव मात्र पतीचे येत असे.

येथे एक गोष्ट तुमच्यासारख्या तरुणाने ध्यानात घ्यावी. इंदुरात स्त्रियांसाठी वैद्यकीय काम उभे केले ते डॉ. एलिझाबेथ बीटी आणि डॉ. मॅरियन ऑलिव्हर यांनी. पहिल्या १८८४ मध्ये आल्या, दुसऱ्या १८८६ मध्ये. दोघीही अविवाहित म्हणून आल्या होत्या. त्या काळच्या व्यवस्थेत अविवाहित स्त्रीला मिशनरी म्हणून स्वतःचे नाव आणि वेतन असे, आणि विवाह झाला की ती पतीच्या नावाखाली जाई. जॉन आणि मेरी बुकॅनन हे पतिपत्नी दोघेही डॉक्टर होते. ते आधी उज्जैनला आणि पुढे भिल्लांच्या मुलखात, आताच्या अलिराजपूर जिल्ह्यातील आमखुटला राहिले. अशा ठिकाणी एकाच घरात दोन डॉक्टर असणे म्हणजे काय, हे आमखुटच्या आजूबाजूच्या पाड्यांनाच ठाऊक असेल.

मराठी माणसाने आणखी एका जोडप्याची आठवण ठेवावी, असे मला मनापासून वाटते. बंगालमध्ये आलेले इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठी व्याकरण आणि १८१० साली मोडी लिपीत मराठी कोश छापला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांची पत्नी डोरोथी मुळात भारतात यायला तयार नव्हती. १७९३ मध्ये जहाज सुटण्याच्या सुमारास बहिणीला सोबत घेण्याच्या अटीवर ती निघाली, आणि तेव्हा तिच्या कडेवर तान्हे मूल होते. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तिचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशाने गेला. त्यानंतर तिचे मन जे बिघडले ते १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सावरले नाही. व्याकरण लिहिले गेले तेव्हा त्याच घरात ती आजारी होती. तो ग्रंथ वाईट आहे असे मी म्हणत नाही, पंडित वैजनाथांच्या मदतीने झालेले ते काम मोठेच आहे, पण त्याची किंमत कोणी मोजली, हे सांगताना डोरोथीचे नाव गाळू नये. मुंबईच्या मार्गारेट विल्सन यांची गोष्ट वेगळी आहे. त्या पती जॉन विल्सन यांच्याबरोबर १८२९ मध्ये स्वखुशीने आल्या, मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये मुंबईतच वारल्या. जाण्यापूर्वी जोडप्यातील दोघांचेही मन एक झालेले असणे किती आवश्यक आहे, हे या दोन स्त्रियांच्या आयुष्यांकडे पाहून मला कळते.

प्रश्न : स्पष्ट विचारतो, राग मानू नये. तुम्ही तेथे लोकांचा धर्म बदलण्यासाठी गेला होता का? (सेवानिवृत्त प्राध्यापक, ग्वाल्हेर)

उत्तर : सर, राग मुळीच आला नाही. उलट हा प्रश्न मागून कुजबुजीत विचारण्यापेक्षा असा समोर विचारलेला मला आवडतो. नेपाळ १९५१ पर्यंत बाहेरच्यांना जवळजवळ बंद होते. रॉबर्ट फ्लेमिंग हे मसुरीच्या वूडस्टॉक शाळेतील शिक्षक पक्ष्यांच्या अभ्यासासाठी तानसेनच्या डोंगरांत गेले. पुढच्या खेपेस त्यांच्या पत्नी डॉ. बेथेल फ्लेमिंग आणि फ्रेडरिक्स दांपत्य सोबत होते, आणि त्यांनी तेथे आजारी माणसांना तपासले. त्यातून १९५३ मध्ये सरकारची परवानगी आणि १९५४ मध्ये नेपाळची संयुक्त मिशन उभी राहिली. त्या परवानगीची अट अशी होती की सेवा करावी, धर्मप्रसार करू नये. आम्ही गेलो तेव्हाही हीच अट होती, आणि आम्ही ती सही करून स्वीकारली होती. आता नेपाळच्या अपराध संहितेत कोणाचे धर्मांतर घडवून आणण्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

आम्ही ती अट पाळली. आमचा विश्वास आम्ही लपवला नाही, कोणी विचारले तर सांगितला, आणि शनिवारी उपासनेला गेलो. अडचणीचे प्रसंग कायद्याच्या पुस्तकात नसतात, ते शेजारी येतात. दसैंच्या, म्हणजे नेपाळी दसऱ्याच्या, दिवशी आमच्या घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही ‘आमा’ म्हणत असू, दही-तांदळाचा टिका आणि जमरा, म्हणजे जवाचे कोवळे अंकुर, घेऊन आम्हाला बोलवत. पहिल्या वर्षी आम्ही टिका घेतला नाही आणि त्यांचे डोळे भरून आले. कारण त्यांच्या लेखी तो वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद होता, आणि आम्ही तो नाकारला होता. आम्ही रात्रभर त्यावर बोललो. दुसऱ्या वर्षी आधीच जाऊन मी त्यांना सांगितले, की आम्ही कपाळावर घेऊ शकत नाही, पण डोक्यावर तुमचा हात हवा आहे. त्यांनी तो ठेवला आणि मग आम्ही सर्वांनी एकत्र जेवण केले. त्यानंतर दरवर्षी तसेच झाले. आमांनी त्यांचा धर्म सोडला नाही, आम्ही आमचा सोडला नाही, आणि माझ्या मुलीच्या आजारपणात पाच रात्री त्याच तिच्या उशाशी बसल्या होत्या.

प्रश्न : पैसे कोण देते? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : आमच्या बाबतीत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातील काही मंडळ्यांतील कुटुंबे दरमहा थोडेथोडे देत, आणि ते समितीमार्फत आमच्याकडे येत असे. मिझोराममध्ये १९१० पासून घरोघरच्या बायका स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवतात आणि त्यांच्या विक्रीतून सेवक पाठवले जातात, त्या मानाने आमची व्यवस्था फारच कच्ची होती. एकदा सलग तीन महिने रक्कम आली नाही, कोणी कळवलेही नाही, आणि मी सोन्याच्या बांगड्या मोडल्या. शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून स्थिर आहे, त्यामुळे हिशोब तरी सोपा होता. जे कोणी अशा जोडप्याला मदत करीत असतील त्यांनी रक्कम लहान ठेवावी, पण तारीख चुकवू नये.

प्रश्न : माझे वय चौऱ्याहत्तर. मुलगा आणि सून केनियाला मिशनच्या शाळेत शिकवायला जायचे म्हणतात. पत्नी नाही. मी त्यांना अडवू का? तुम्ही माझ्या जागी असता तर काय केले असते? (एक वडील, इंदूर)

उत्तर : काका, तुमच्या जागी मी नाही, तुमच्या मुलाच्या जागी मी होते, म्हणून तेवढेच सांगण्याचा मला अधिकार आहे.

२०१० च्या आषाढात एका रात्री शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला की इंदुरात आईला अर्धांगाचा झटका आला आहे. पहाटे निघालो, तर बुटवलच्या वर सिद्धबाबाच्या वळणांत दरड पडून रस्ता बंद होता. दुपारपर्यंत थांबलो, मग सामान डोक्यावर घेऊन चिखलातून दरड ओलांडली आणि पलीकडून दुसरी गाडी घेतली. सुनौलीला सीमा ओलांडली, गोरखपूरला रात्र स्टेशनवर काढली, आरक्षण नसलेल्या डब्यातून भोपाळ गाठले आणि तेथून इंदूर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रामबागेत घरी पोहोचले, तेव्हा आईला मूठमाती देऊन लोक परतले होते. भावाने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि आजही त्या गोष्टीचे मला ओझे वाटते. मी गेले नसते तर बरे झाले असते का, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. आईने मला अडवले नव्हते. निघताना तिने फक्त विचारले होते, ‘तिथे थंडी किती असते?’, आणि स्वतः विणलेला लोकरी सदरा माझ्या पिशवीत घातला होता.

म्हणून अडवा असेही मी सांगत नाही आणि अडवू नका असेही सांगत नाही. मुलाला व सुनेला समोर बसवून काही गोष्टी मात्र आजच ठरवून घ्या. तुमची औषधे दरमहा कोण आणून देईल, रुग्णालयात भरती व्हावे लागले तर पहिल्या रात्री तुमच्याजवळ कोण बसेल, विमानाच्या दोन तिकिटांइतके पैसे कोणाच्या खात्यात वेगळे राहतील, आणि वर्षातून एकदा त्यांना घरी येण्याची रजा त्यांच्या संस्थेने लेखी दिली आहे का, हे विचारा. त्या कागदाची एक प्रत तुमच्याजवळ ठेवा. आणि ते गेल्यावर एकटे वाटू लागले, तर रामबागेत आमचे घर आहे, संपादकांकडून पत्ता घेऊन संध्याकाळी चहाला यावे.